वेढेकरांची चोवीस आवाजांची गिटार

चौकातल्या तिसऱ्या दुकानात सकाळी उन्हाचा एक पट्टा आत शिरतो आणि टेबलाच्या कडेशी येऊन थांबतो. त्या पट्ट्यात तांब्याची तार धरून, ओठ हलवत, जगाशी काही देणंघेणं नसल्यासारखा जो माणूस बसलेला दिसतो, ते आमचे वेढेकर. हे त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव काय, ते त्यांच्या सासुरवाडीच्या माणसांनाही आठवून सांगावं लागतं. जळालेल्या मोटारींची जुनी तार उपसायची आणि नवी भरायची, एकेक वेढा मोजत, हा त्यांचा धंदा. म्हणून गावाने हे नाव ठेवलं, आणि गावाने ठेवलेलं नाव कोणत्याही कागदापेक्षा टिकाऊ असतं.

काम मात्र चोख. विहिरीवरची मोटार असो नाहीतर गिरणीची, वेढेकरांच्या हातून गेली की दहा वर्षं तिचं तोंड बघायला नको. ते स्वतःच हे सांगत. "एकतीस वर्षांत माझ्या हातची एकही मोटार उलटी फिरली नाही," हे वाक्य त्यांनी दुकानाच्या पाटीवर लिहिलं नव्हतं, कारण पाटीवर जागा नव्हती. पण आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते ऐकावं लागे, आणि न आलेल्यालाही.

ही करामत एका लाल धाग्याची होती. वेटोळं भरताना तारेची सुरुवात जिथे होते तिथे लाल धागा बांधायचा, शेवटाला काळा. उस्तादाने शिकवलं होतं. सुरुवात आणि शेवट यांची अदलाबदल झाली की एक वेटोळं पुढे ओढतं, दुसरं मागे. मोटार जागच्या जागी गुरगुरते आणि शेवटी जळते. आमच्याकडे कित्येक संसार याच पद्धतीने चालतात, पण मोटारीला ते झेपत नाही.

रविवारी मात्र वेढेकर हात धुऊन कलावंत होत. त्यांच्याकडे एक जुनी विजेची गिटार होती. चार जणांचा एक वाद्यवृंद होता. वेढेकर गिटारीवर. त्यांची बायको, म्हणजे आम्हा शेजाऱ्यांच्या वहिनी, गायला. वहिनींचा धाकटा भाऊ, बेकरीवाला, ढोल आणि झांजा बडवायला. दिवसभर कणीक बडवून हाताला तेवढंच येत होतं. आणि पोस्टातला कारकून की-बोर्डवर. वाचनालयाच्या वार्षिक समारंभाची सुरुवात या चौघांच्या गाण्याने होई. नदीवरचं एक जुनं गाणं. बावीस वर्षं तेच गाणं आणि बावीस वर्षं वहिनींचाच गळा.

वहिनींना त्रेपन्नावं लागलं होतं. आवाज पातळ झाला होता, फाटला नव्हता. धुऊन धुऊन मऊ पडलेली सुती चादर असते ना, तसा. अंगावर घेतली तर तिच्यासारखं सुख नाही, पण वर जाड घोंगडी टाकली की ती आहे की नाही हेही कळू नये. आणि घोंगडी टाकायला घरचाच माणूस तयार होता.

"अहो, मी तुमच्या गिटारीखाली दबते," वहिनी म्हणत. "मला माझाच आवाज ऐकू येत नाही."

"मग जोरात गा."

"जोरात गायला मी काय भाजी विकतेय? तुम्ही जरा बारीक करा."

वेढेकर चार ओळी बारीक करत. पाचव्या ओळीला त्यांचं बोट आपोआप बटणाकडे जाई, जसं काही जणांचं मिशीकडे जातं. आणि नुसतं बारीक करून भागतही नव्हतं. लहान झाला तरी त्या गिटारीचा आवाज जाडच राही. बुटका माणूस सडपातळ असतोच असं नाही.

त्या वर्षी वाचनालयाला पन्नास वर्षं पुरी होत होती. आणि नेमका त्याच वर्षी कारकुनाने नवा की-बोर्ड आणला. त्यात पाचशे आवाज होते. पाण्याचा होता, पाखरांचा होता, आगगाडीचा होता, टाळ्यांचाही होता, म्हणजे लोकांवर अवलंबून राहायला नको. कारकुनाला एक भाचीही होती. गोड गळ्याची, शहाणी मुलगी. तिचा यात काही दोष नव्हता. एका तालमीनंतर कारकून चष्मा पुसत म्हणाला, "वहिनींना आता विश्रांती द्यायला हवी. किती वर्षं राबायचं त्यांनी?"

माणसाला घालवायचं ठरलं की लोक आधी त्याच्या विश्रांतीची काळजी करू लागतात.

"विश्रांती मेल्यावर आहेच की," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही नका तसदी घेऊ."

बेकरीवाला ताडकन उठला. "ताई नाही गायली तर मी ढोलाला हात लावणार नाही."

"ढोल माझ्या की-बोर्डमध्ये आहे," कारकून शांतपणे म्हणाला. "बारा प्रकारचे."

भांडण वाचनालयाच्या अध्यक्षांपर्यंत गेलं. अध्यक्ष म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, सगळ्या गावाच्या बाई. निम्म्या गावाचे कान त्यांनी पिरगाळलेले, त्यामुळे त्यांच्यापुढे कोणी फार वर मान करत नसे. त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि निवाडा दिला: "पुढच्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी दुपारी बारा वाजता सभागृहात या. दोघींनी तेच गाणं गायचं. मी शेवटच्या खुर्चीवर बसणार. जिचे शब्द मला तिथे कळतील, समारंभात तिने गायचं. रडायचं असेल तर घरी जाऊन."

वहिनी घरी आल्या, तांदूळ निवडत बसल्या. निवडलेले तांदूळ त्यांनी पुन्हा निवडायला घेतले. वेढेकरांनी ते पाहिलं. बायकोवर त्यांचा जीव होता, हे सांगितलं पाहिजे, कारण पुढे त्यांनी जे केलं त्यावरून तसं वाटणार नाही.

"तू काळजी करू नकोस," ते म्हणाले. "त्याच्याकडे पाचशे आवाज आहेत ना? थांब."

आणि त्याच आठवड्यात गिटारीचा पुढचा पिकअप मेला. वेढेकरांना तो दैवी संकेत वाटला. पिकअप म्हणजे तारांच्या खाली बसवलेलं लोहचुंबक आणि त्याच्याभोवती गुंडाळलेली केसापेक्षा बारीक तांब्याची तार. वर गिटारीची तार थरथरली की खाली या वेटोळ्यात वीज थरथरते आणि तीच पुढे भोंग्यातून आवाज होऊन बाहेर पडते. त्यांच्या गिटारीला असे दोन पिकअप, एक मानेकडे आणि एक मागे, आणि प्रत्येकाच्या पोटात दोन दोन वेटोळी.

वेढेकरांनी दुकानाचं दार अर्धं लावलं. गिरणीवाल्याची मोटार तीन दिवस टेबलाखाली पाय दुमडून पडून राहिली. इकडे साहेब कपाळाला भिंग बांधून मेलेल्या पिकअपची तार उकलत होते. मग नवी भरायला घेतली. एका वेटोळ्याला पाच हजार वेढे. श्वास जोरात सोडला तर तुटेल अशी तार, आणि ती मोटारीच्या जाड तारेला सरावलेल्या बोटांनी धरायची. ओठ हलत होते, डोळ्यांत पाणी आलं होतं. चार हजार दोनशेवर बेकरीवाला आत डोकावून म्हणाला, "भावोजी, चहा?" वेढेकरांनी नुसतं बघितलं. त्या नजरेत वीज नव्हती म्हणून तो वाचला.

वेटोळी भरून झाली. सुरुवातीला लाल धागा, शेवटाला काळा, नेहमीप्रमाणे. एवढ्यावर थांबले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि सगळ्यांचं कल्याण झालं असतं. पण उघडलेली वस्तू नुसती दुरुस्त करून मिटणं हे खऱ्या कारागिराला अपमानाचं वाटतं. त्यांच्याकडे एक जुनं, पानं सुटलेलं पुस्तक होतं. त्यात एका पानावर तारांची जोडणी काढलेली होती. प्रत्येक पिकअपमधली दोन वेटोळी एकामागे एक जोडा, शेजारी शेजारी जोडा, नाहीतर एकच चालू ठेवा. तीन तऱ्हा. पुढचा पिकअप एकटा, मागचा एकटा, किंवा दोन्ही मिळून. आणि दोन्ही मिळून असताना एकाची टोकं उलटी करणारा आणखी एक खटका. वेढेकरांनी बोटांवर मोजलं, मग कागदावर, मग वहिनींना बोलावून त्यांच्यापुढे पुन्हा.

"चोवीस!" ते म्हणाले. "एका गिटारीतून चोवीस आवाज!"

"त्याचे पाचशे आहेत," वहिनी म्हणाल्या.

"त्याचे कंपनीने भरलेत. माझे मी भरणार."

"मला एकच पुरे आहे हो. ज्यात मी ऐकू येईन असा."

"चोवीसात सापडेलच की!"

एक ना धड भाराभर चिंध्या, ही म्हण ज्याने काढली त्याच्या घरात नक्की एखादा वेढेकर असणार.

गिटारीवर आधी एक खटका होता, पिकअप निवडायचा. तिच्या सुंदर तांबड्या अंगावर वेढेकरांनी बरम्याने आणखी तीन भोकं पाडली. तीन नवे खटके बसवले. पाठीमागचं झाकण उघडलं की आत तारांची अशी गर्दी, जशी लग्नघरात चपलांची. एकेका टोकाला कथलाचा डाग देताना ते प्रत्येक लाल टोक लालला आणि काळं काळ्याला जोडत गेले. आणि इथेच माशी शिंकली. पुढचा पिकअप त्यांनी स्वतः भरलेला, त्याची सुरुवात लाल. मागचा कुठल्याशा कारखान्यातून भरून आलेला. त्या कारखान्यात वेढेकरांचे उस्ताद कधी गेलेच नव्हते, त्यामुळे तिथे शेवट लाल होता. पण जगातला प्रत्येक लाल धागा आपल्याच उस्तादाला ओळखतो, अशी वेढेकरांची एकतीस वर्षांची खात्री.

शनिवारी दुपारी, भट्टी थंडावल्यावर, बेकरीच्या मागच्या खोलीत मैद्याच्या पोत्यांमध्ये तालीम भरली. वेढेकरांनी खटका मधोमध ठेवला, दोन्ही पिकअप चालू, आणि थाटात तारा छेडल्या.

आवाज आला तो पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. बारीक, नाकातला, पोकळ. खालचा सगळा भरावच नाहीसा झालेला. कारकून इतका हसला की त्याच्या कोपराने की-बोर्डवरची आगगाडी सुरू झाली.

"भावोजी, सर्दी झालीय का तिला?" बेकरीवाल्याने विचारलं.

वेढेकर घामाघूम झाले. पण ढोल सुरू झाला होता, थांबता येईना; गाणं झालं. गाणं संपल्यावर वहिनी तशाच उभ्या राहिल्या. चेहरा वेगळाच झाला होता.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "आज मला मी ऐकू आले."

"चूक झालीय," वेढेकर पुटपुटले. "टोकं उलटी लागलीत. एक ओढतंय पुढे, एक मागे. एकमेकांना खाताहेत."

"खाऊ देत की. मला जागा झाली."

"अगं, चूक आहे ती!"

"असू दे ना चूक. अशीच ठेवा."

वेढेकरांनी गिटार पेटीत घातली आणि पेटी बंद केली. एकतीस वर्षांत एकही मोटार उलटी न फिरवलेल्या माणसाला बायकोने उलटं वेटोळं तसंच ठेवायला सांगावं! त्यांनी रात्रीचं जेवणही धड केलं नाही. रविवारी सकाळी दुकान उघडून त्यांनी टोकं सुलट केली. वहीत एक ते पंधरा आवाज सुवाच्य अक्षरात नोंदवले, प्रत्येकासमोर खटक्यांच्या जागा. सोळा ते चोवीस हे नऊ आवाज त्या उलट्या खटक्याचे. त्यांच्यापुढे एकच कंस केला आणि लिहिलं: चूक.

पण भोक तर पाडलेलं होतं, आणि चोवीस हा आकडा गावभर झालेला होता. म्हणून तो चौथा खटका जागेवरच राहिला. वेढेकरांनी त्यावर विजेची काळी चिकटपट्टी घट्ट लावली, दोन पदरी.

"याला कोणी हात लावायचा नाही," ते बेकरीवाल्याला बजावत होते. वहिनी शेजारी कपड्यांच्या घड्या घालत होत्या. "वरचा खटका मधोमध असला आणि हा खाली दाबला, की पुन्हा ते डबडं वाजेल."

"मग बसवला कशाला, भावोजी?"

"पुस्तकात आहे म्हणून."

वहिनींनी घडी घातली, तिच्यावर हात फिरवला आणि दुसरा कपडा घेतला. बोलल्या काहीच नाहीत. बायकोचं न बोलणं म्हणजे होकार, असं समजणाऱ्या पुरुषांत वेढेकर अग्रभागी होते.

ठरलेला रविवार आला. सभागृहात तीनशे खुर्च्या आणि माणसं मोजून सात: वाद्यवृंदाचे चौघे, भाची, शेवटच्या रांगेत बाई आणि दाराशी मी, कारण गिटारीचा भोंगा माझ्या हातगाडीवरून आला होता. खिडक्यांतून दुपारचं ऊन तिरकं उतरलं होतं आणि त्यात धूळ सावकाश गिरक्या घेत होती. बाईंनी पर्स मांडीवर ठेवली आणि उजवा तळवा कानामागे धरला.

आधी भाची. तिला साथ फक्त मामाची. गोड गायली पोर. कारकुनाने मात्र उत्साहाच्या भरात पहिल्या कडव्याला पाणी सोडलं आणि दुसऱ्याला पाखरं उडवली. बाईंचा तळवा कानामागून हलला नाही. "निम्मं कळलं," त्या मागून म्हणाल्या. "बाकी पाखरांनी खाल्लं. पुढे."

म्हणजे संधी होती. वहिनींनी पदर खोचला. वेढेकरांनी वही उघडून खुर्चीवर ठेवली आणि अकरावा आवाज लावला. अकरावा म्हणजे त्यांचा लाडका. भरघोस, गुबगुबीत, लोण्यात लोळून आलेला. वहिनींनी पहिली ओळ उचलली आणि ती ओळ त्या लोण्यात बुडाली. ओठ हलताना दिसत होते, एवढंच.

बाई खुर्चीतून पुढे वाकल्या. "काय म्हणतेय ती?"

वेढेकरांनी ऐकलं. घाईने वहीत बघितलं, सातवा आवाज लावला. मग चौथा. मग तेरावा. एका हाताने खटके आणि दुसऱ्याने वहीची पानं, गिटार वाजवायला तिसरा हात देवाने दिलेला नाही. दोन ठिकाणी ठेका चुकला. बेकरीवाला दात आवळून ढोल सांभाळत होता. भाची ओठ चावत वहिनींकडे बघत होती; कारकून छताकडे बघत होता आणि त्याला छत फार आवडलेलं दिसत होतं. बायकोला वाचवायला निघालेला माणूस तिच्या डोक्यावर एकावर एक आवाज रचत होता, आणि त्याच्या कपाळावरून खरोखरीचा घाम गळत होता.

पहिलं कडवं संपलं. दुसऱ्याच्या आधी गिटारीचे चार मोजके ठेके असतात. त्या चार ठेक्यांत वहिनी वळल्या, दोन पावलं टाकून नवऱ्यापाशी आल्या आणि वाकल्या. अंगठ्याचं नख काळ्या पट्टीखाली घातलं. दोन पदरी पट्टी. पहिल्या झटक्यात निघाली नाही. दुसऱ्या झटक्यात चर्रर्र करत निघाली. वरचा खटका मधोमध. खालचा खाली.

"अगं!" वेढेकर म्हणाले.

"वाजवा," वहिनी म्हणाल्या.

बावीस वर्षं तेच गाणं वाजवलेली बोटं होती. मालक गोठला तरी ती चालत राहिली. गिटारीतून तोच बारीक, पोकळ, नाकातला आवाज निघाला. पण आता तो गाण्याच्या कडेकडेने चालत होता, नदीच्या काठाने पाणंद जावी तसा. आणि मध्ये सगळं पात्र मोकळं. त्या मोकळ्या जागेत वहिनींनी दुसरं कडवं उचललं. जोर नाही, आटापिटा नाही. धुतलेल्या चादरीसारखा तो मऊ आवाज एकेक रांग ओलांडत गेला, आणि त्यातला प्रत्येक शब्द, अगदी शेवटचं अक्षरसुद्धा, दाराशी मला उभ्या उभ्या मिळाला.

बाईंनी कानामागचा तळवा खाली घेतला. पर्सवर ठेवला. तिसऱ्या कडव्याला त्यांची बोटं पर्सवर ठेका धरत होती.

वेढेकर मात्र वाजवता वाजवता आपल्याच गिटारीकडे असे बघत होते, जसं काही त्यांच्या हातची पहिली मोटार उलटी फिरली आहे आणि विहिरीला पाणी मात्र भरभरून येतंय. मग, शेवटच्या ओळीला, त्यांनी मान वर करून बायकोकडे बघितलं. बऱ्याच वर्षांनी तीही त्यांना ऐकू आली असावी.

गाणं संपल्यावर बाई उठल्या. "पहिलं कडवं कुठे गेलं ते मला माहीत नाही, पण पुढची दोन लख्ख ऐकली. समारंभात तीच गाईल. आणि तू गं," त्या भाचीला म्हणाल्या, "पुढच्या वर्षी ये, मामाला घरी ठेवून."

भाची वहिनींना बिलगली. कारकुनाने टाळ्या वाजवल्या. या वेळी स्वतःच्या हातांनी.

समारंभ झाला, छान झाला. आता त्या गिटारीवर चारही खटक्यांना काळी चिकटपट्टी आहे, दोन पदरी. वरचा मधोमध, चौथा खाली, बाकीचे त्या दिवशी तेराव्या आवाजावर होते तसेच. पट्टी कोणी लावली ते मी सांगत नाही. वेढेकरांची पट्टी लावायची पद्धत माझ्या ओळखीची आहे आणि ती ही नव्हे.

परवा गिरणीवाला अखेर आपली मोटार न्यायला आला. भिंतीवरची गिटार बघून त्याने विचारलं, "हीच का ती? किती आवाज हो हिचे?"

"चोवीस," वेढेकर छाती काढून म्हणाले. "आणि त्यातला तो एक तर मी मुद्दाम, अगदी विचार करून बसवलेला. एकतीस वर्षांचा अनुभव लागतो त्याला."

आतून वहिनींचा आवाज आला. बारीक, मऊ, आणि चौकापर्यंत स्पष्ट:

"पट्टी काढू नका म्हणावं."